उठती सीट

कोंडूकाका जाधव कुठल्याही खुर्चीवर सरळ जाऊन बसत नाहीत. आधी उजव्या हाताचा पंजा सीटवर ठेवतात, मनगटाचा जोर देऊन दाबतात, सोडतात आणि ती किती वेळात वर येते ते बघतात. पसंत पडली तर बसतात. नाही पडली तरी बसतातच, पण तोंड वाकडं करून. लग्नाचा हॉल असो, दातांचा डॉक्टर असो, शेअर रिक्षा असो, पंजा पडणारच. एकदा व्याह्यांच्या नव्याकोऱ्या सोफ्यावर त्यांनी असा काही पंजा मारला की व्याही घाबरून म्हणाले, "काय हो, ढेकूण दिसला काय?" तेव्हापासून कुणाकडे जायचं झालं की मीराबाई, म्हणजे काकांची बायको, दारातून आत शिरतानाच त्यांचा उजवा हात पकडून ठेवते. बघणाऱ्याला वाटतं, या वयातही काय प्रेम आहे! प्रेम आहेच, पण हात धरायचं कारण ते नव्हे.

ही खोड नोकरीतली. एकतीस वर्षं काकांनी एसटीच्या कार्यशाळेत सिटा भरल्या. फाटलेलं रेक्झिन उसवायचं, खालचा बसलेला काथ्या काढून टाकायचा, नवा भरायचा, पुढे फोम आला तर फोम कापायचा, चिकटवायचा, ताणून खिळे मारायचे. गणेशपुरीला जाणारे भाविक, वाडा गावचे मास्तर, बाजारला निघालेल्या कोळणी, सगळ्यांचा भार काकांच्या कामावर. पण गाडीतून उतरताना "सीट झकास होती हो" असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. खुर्चीवर बसणाऱ्याचं नाव होतं, भरणाऱ्याला कोण विचारतो? काकांना याचं वाईट वाटायचं, आणि ते तसं बोलूनही दाखवायचे. मीराबाई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "मंग सिटीच्या पाठीवर तुमचा फोटो लावाचा होता."

निवृत्त झाल्यावर काकांनी भिवंडीजवळ कोन गावात घराच्या ओट्यावरच काम मांडलं. सोफे, खुर्च्या, रिक्षाच्या सिटा. हाताला चव होती, त्यामुळे पाटी न लावताही गिऱ्हाईक येत राहिलं.

अशातच गेल्या वर्षी त्यांची सून वनिता शाळेतून आली ती एक काम घेऊनच. तिच्या शाळेत शकिला नावाची शिक्षिका आहे. तिच्या घरच्या डायनिंग टेबलाच्या सहा खुर्च्या भरायच्या होत्या.

"सहा काय, साठ भरतो," काका म्हणाले.

"खुर्च्यांचं काही नाही हो बाबा," वनिता म्हणाली. "तिचे सासरे जेवायला टेबलावर येत नाहीत. त्याचं तिला लागलंय."

शकिलाचं घर भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत, खाली लूमची, म्हणजे यंत्रमागांची खटखट आणि वर राहती जागा. तिचे सासरे गुलाम हुसेन, वय पंचाहत्तर. एकेकाळी चोवीस लूमचे मालक, म्हणून आजही गल्ली त्यांना शेठच म्हणते. या घराची एक रीत होती. जुम्याची, म्हणजे शुक्रवारची नमाज झाली की दुपारचं जेवण सगळ्यांनी एकत्र करायचं, आणि कुणी पाहुणा असेल तर शेठनी स्वतः उठून त्याच्या ताटात वाढायचं. सुना, मुलं, नोकरचाकर कितीही असोत, पाहुण्याचा पहिला डाव शेठच्या हातचा. पूर्वी हे सगळं जमिनीवर, दस्तरखान अंथरून व्हायचं. दीड वर्षापूर्वी शेठ जिन्यात घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मांडी घालायला बंदी केली. म्हणून मुलगा अफजल याने हौसेनं टेबल आणलं, सेकंडहँड पण सागवानी. टेबल उत्तम होतं. खुर्च्यांच्या सिटा मात्र दहीवड्यासारख्या खचलेल्या.

अफजलनं आधी स्वतःच डोकं चालवलं होतं. भिवंडीत गोदामांना तोटा नाही, आणि गोदामात पॅकिंगच्या पांढऱ्या फोमला तोटा नाही. मित्राकडून त्यानं तो ढीगभर आणला आणि सिटांत कोंबला. पहिल्या शुक्रवारी शेठ बसले आणि खुर्ची चूंऽऽ करून ओरडली. मग अफजल बसला, चूंऽऽ. शकिला बसली, चूंऽऽ. कुणी मीठ घ्यायला हात लांब केला तरी चूंऽऽ. नऊ वर्षांची मदीहा, शेठची नात, हसून हसून टेबलाखाली गेली. शेठ हसले नाहीत. अर्ध्या जेवणात म्हणाले, "मला खोलीतच द्या." तेव्हापासून त्यांचं ताट खोलीत जात होतं, आणि शुक्रवारीही टेबलाच्या टोकाची खुर्ची रिकामी राहत होती.

हे सगळं शकिलानं काकांना सांगितलं आणि म्हणाली, "काका, घर भरलेलं असून भरल्यासारखं वाटत नाही. अब्बांना मऊ, छान खुर्ची करून द्या. ते परत टेबलावर आले पाहिजेत."

"येतील गं बाय," काका म्हणाले. "का न्हाय येणार? मी सीट भरली की मानूस उठाचं नाव घेत न्हाय!"

हे वाक्य लक्षात ठेवा. काकांना ते पुढे फार दिवस पुरलं.

काका नाक्यावरच्या हितेशच्या फोमच्या दुकानात गेले. हितेशनं विचारलं, "बत्तीस दूँ या चालीस?" हे आकडे जाडीचे नसतात, फोम किती भरीव आहे त्याचे असतात, आकडा मोठा तितका माल टिकाऊ. काकांनी दोन इंची चाळीस घेतला, वर एक इंचाचा लुसलुशीत थर घेतला, पंजा मारला, डोळे मिटले आणि म्हणाले, "मऊ, पन बसका न्हाय. हाच दे." मरून रंगाचं कापड, कडेला बारीक पायपिंग. चार दिवसांत सहा सिटा तयार. अफजल बसून बघितल्यावर म्हणाला, "काका, बस आता, मी इथंच झोपतो." मदीहा एकीवरून दुसरीवर उड्या मारत राहिली. एकही खुर्ची ओरडली नाही. शकिलानं काकांना येत्या शुक्रवारी, म्हणजे दोन दिवसांनी, जेवायचंच आमंत्रण दिलं. काका घरी आले ते मिशीला पीळ देतच.

"शेठ बसलं का तिच्यावर?" मीराबाईनं विचारलं.

"बसतील. जातात कुठं?"

"म्हंजे बसलं न्हाय. तुमचं नेहमीचंच हाय. हात सिटीवर, नजर सिटीवर. बसनाऱ्याकडं बगितलंय का कधी?"

काकांनी ते कानाआड केलं. बायकोचं म्हणणं कानाआड करायची त्यांना सवय आहे, आणि नंतर पस्तावायचीही.

शुक्रवार आला. कोळंबीचा पुलाव, तांदळाच्या भाकऱ्या, सुरमईचं सालन. काका इस्त्रीचा शर्ट घालून टेबलावर बसले. अफजल बसला, शकिला बसली, मदीहा बसली. टोकाची खुर्ची रिकामीच. शकिला खोलीत जाऊन आली आणि बळेच हसत म्हणाली, "अब्बा म्हणतात, भूक नाही फारशी. तिथंच खातील." मग हळूच सांगितलं, की कालच दुपारी शेठ या नव्या खुर्चीवर बसून जेवले होते. खुर्ची आवडली का विचारलं तर "अच्छी है" म्हणाले होते. आणि आज मात्र पाहुणा घरात असून बाहेर यायला तयार नाहीत.

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपल्या सीटवर बसून जेवणारं गिऱ्हाईक कसं दिसतं ते बघायला मिळणार होतं, आणि गिऱ्हाईकच आलं नाही. अपमान म्हणावा तर कुणी केलेला नाही, आणि झाला तर आहेच. मग आपलं ताट उचललं आणि सरळ शेठच्या खोलीत गेले.

"शेठ, येऊ का? तिथं एकट्याला जेवन जात न्हाय."

"अरे मिस्त्री! ये, ये. बैठ." शेठ ओशाळले. "माफ कर भाई. मेहमान बाहेर आणि मी इथं. अशी रीत नव्हती आमची."

शेठ पलंगाच्या कडेला बसून समोरच्या स्टुलावर ताट ठेवून जेवत होते. जुना, उंच, शिसवी पलंग. काका बाजूला बसले आणि बसण्याआधी सवयीनं पंजा पडलाच. गादी कापसाची, वर्षानुवर्षं झोपून दगड झालेली. काकांनी मनातल्या मनात तोंड वाकडं केलं. एवढा मोठा शेठ आणि या धोंड्यावर झोपतो!

दोघं जेवले. लूमच्या गोष्टी निघाल्या, पूर्वीच्या भिवंडीच्या निघाल्या. शेठ चांगले गप्पिष्ट निघाले. या माणसाला टेबलावरची माणसं नकोशी झाली असतील हे काकांना पटेना. जेवण झालं. शेठनी दोन्ही तळवे पलंगाच्या कडेला टेकले, जरा पुढे झुकले आणि उभे राहिले. कुणाला हाक नाही, कण्हणं नाही. काठी घेऊन बेसिनपाशी गेले, हात धुतले, परत आले.

काका हातातलं ताट तसंच धरून बघत राहिले.

"शेठ," ते म्हणाले, "तुमी तर उठताव की!"

शेठ बसले, तोंड पुसलं आणि दाराकडे एकदा बघून हलक्या आवाजात म्हणाले, "इथून उठतो, मिस्त्री. तिथून उठवावं लागतं."

काका पुढे सरकून ऐकू लागले.

"तुझी सीट नंबर एक आहे. बसलो की आत जातो, आत जातो, गुडघे वर येतात. बसायला काय मजा! पण उठायचं काय? काल अफजलनं एक बगल धरली, शकिलानं दुसरी. आणि ती पोरगी मागून ढकलते आणि ओरडते, जोर लगाके! विहिरीतून बालदी काढतात ना, तसं काढलं मला." शेठ हसले, पण डोळे हसले नाहीत. "घरचे आहेत, म्हणून काल चाललं. आज तू होतास. मेहमानासमोर मी उठून वाढायचं, की मलाच तिघांनी उठवायचं? मशिदीत प्लास्टिकच्या खुर्चीवर नमाज पढतो, तिथून उठतो. या पलंगावरून उठतो. बस, घरच्या टेबलावरून उठत नाही."

मी सीट भरली की माणूस उठायचं नाव घेत नाही. स्वतःचंच वाक्य काकांच्या कानात वाजलं. आणि त्याच क्षणी, कित्येक वर्षांत आठवला नव्हता तो दौलत मिस्त्रीचा आवाज आठवला.

दौलत मिस्त्री म्हणजे काकांचे उस्ताद. कार्यशाळेत पहिल्याच दिवशी त्यांनी कोवळ्या कोंडूला दोन सिटा दाखवल्या होत्या. "ही बसती आनि ही उठती. बसती सीट पॅसेंजरची. तो बसला की त्याला झोप लागली पायजे. उठती सीट डायव्हरची. तो दिवसातून पन्नास येळा चढनार, उतरनार. ती मऊ केलीस तर संध्याकाळी त्याची कंबर तुला शिव्या देईल. कडक भर, उंच भर, आनि पुढची कड अजिबात दबू देऊ नको. उठताना मानूस कडेवरनं उठतो." कोंडू ते शिकला, वर्षानुवर्षं तशा सिटा भरत राहिला, आणि निवृत्त होऊन ओट्यावर बसल्यावर साफ विसरला. कारण येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकच म्हणायचं, मऊ करा. गेल्या सहा वर्षांत उठती सीट कुणी मागितलीच नव्हती.

काकांनी ताट खाली ठेवलं, खिशातून टेप काढला आणि शेठच्या पायाशी बसून पलंगाची उंची मोजली. वीस इंच. बाहेर जाऊन टोकाची खुर्ची मोजली. एकोणीस, आणि दाबली की सतरा. "हां," ते स्वतःशीच म्हणाले, "चोर सापडला." मग अफजलकडून पाना मागून त्यांनी एकेक खुर्ची उलटी केली आणि सहाच्या सहा सिटा सोडवायला घेतल्या. शकिलाच्या हातात पुलावाचं भांडं होतं, ते तसंच राहिलं.

"काका, काय झालं? एवढ्या छान झाल्यात!"

"छान झाल्यात म्हनून तर सोडवतोय," काका म्हणाले. आणि शेठचं गुपित शेठच्या परवानगीशिवाय फोडायचं नाही म्हणून एवढंच बोलले, "माप चुकलं माझं."

शनिवारी सकाळी हितेशच्या दुकानात जो तमाशा झाला तो नाक्यावर अजून सांगतात. काकांनी एका स्टुलावर फोमचे तुकडे आळीपाळीनं ठेवले आणि हाताची घडी घालून बसायला आणि उठायला सुरुवात केली. बसले, उठले. तुकडा बदलला. बसले, उठले. रिक्षावाले थांबून बघायला लागले. एकानं विचारलं, "चाचा, कसरत का क्लास है क्या?"

"काका, हाथ से दबाके देखो ना, जैसे हमेशा देखते हो," हितेश काकुळतीला आला.

"हातानं काय कळतं?" काका धापा टाकत म्हणाले. आपण हे काय बोललो ते त्यांना बोलल्यावर समजलं, आणि मीराबाई इथे नाही याचं बरं वाटलं.

पन्नासचा फोम झाला. बरा, पण थोडा दबतोच. शेवटी काकांची नजर दुकानाच्या मागे, गाद्यांच्या ढिगाखाली गेली. तिथं फोमच्या कातरणांचा चुरा दाबून, चिकटवून केलेल्या लाद्या पडल्या होत्या. हिरवे, गुलाबी, पिवळे, निळे ठिपके, होळीनंतर वाळवायला ठेवलेल्या चिंध्यांसारखा अवतार.

"वो रीबॉन्डेड है काका. गद्दे के नीचे का माल. कुर्सी में कौन डालता है?"

"टाक इकडं."

तीन इंची लादी स्टुलावर पडली. काका बसले. सीट इंचभरही दबली नाही. पुढे झुकले, आणि उठले. म्हणजे, उठले असं त्यांना वाटलंच नाही, सीटनंच त्यांना वर दिलं. काकांनी हितेशला ओढून बसवलं. "उठ." तो उठला. "काय वाटलं?"

"कुछ नहीं लगा," हितेश म्हणाला.

"तेच तर!" काका इतक्या जोरात ओरडले की रिक्षावाले पांगले.

आता खुर्च्या भरायला बसले ते उस्तादांची आठवण काढतच. खाली लाकडी पट्टी देऊन उंची वाढवली, वर रीबॉन्डेडची लादी, तिच्यावर अर्ध्या इंचाचा मऊ थर, तोही टोचू नये एवढ्यापुरता. पुढच्या कडेला लादीची जादा पट्टी, दबायलाच नको. बारा वेळा बसले, बारा वेळा उठले. मीराबाई ओट्यावर येऊन बघत उभी राहिली.

"आज पंजा न्हाय मारत?"

"आज बसनाऱ्याकडं बगतोय," काका म्हणाले. मीराबाई आत गेली आणि आल्याचा चहा घेऊन आली.

सिटा बसवायला काका गेले तेव्हा शकिलाला शेठचं दुखणं कळलेलं होतं. शेठनी स्वतःच सांगितलं होतं. ती म्हणाली, "काका, मग अब्बांची एकच खुर्ची अशी करायची होती. बाकीच्या पाच तशाच मऊ ठेवल्या असत्या तर? मदीहाचे तर पायसुद्धा पोहोचणार नाहीत."

"बाय, एकच उंच, कडक खुर्ची ठेवली तर ती आजाऱ्याची खुर्ची झाली," काका म्हणाले. "येनारा-जानारा विचारील, ही का अशी? सहाच्या सहा अशाच पायजेत. घरातली खुर्ची अशीच असते, बास. तुमाला थोडी टोचंल. टोचून घ्या."

शकिलानं क्षणभर काकांकडे बघितलं आणि डोळ्यांना पदर लावला. पुढे ती एकदाही मऊ खुर्चीचं बोलली नाही.

पुढचा शुक्रवार. जुमा झाला. टेबल मांडलं गेलं. शकिलानं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की अब्बांकडे कुणी टक लावून बघायचं नाही, आणि त्यामुळे सगळे आपापल्या ताटाकडे असे बघत बसले होते जसा काही ताटात पेपर फुटला आहे. काका वेगळ्याच काळजीत. घास तोंडात, लक्ष खोलीच्या दाराकडे.

काठीचा आवाज आला. शेठ आले. टोकाच्या खुर्चीपाशी थांबले, काकांकडे बघितलं आणि आपला पंजा सीटवर ठेवून दाबला.

"मिस्त्री, हे काय? दगड भरलास?"

"तुमच्या पलंगाचा भाऊ हाय, शेठ."

शेठ बसले. नीट, ताठ बसले. जेवले. दुसऱ्या भाकरीला सुरुवात होताच त्यांना आवाज फुटला, आणि एकदा एका व्यापाऱ्यानं उलट्या बाजूनं कापडाचा ताका उलगडून माल नापसंत केला होता ती गोष्ट सुरू झाली. घरात सगळ्यांनी ती शंभरदा ऐकलेली होती. अफजल तरीही पहिल्यांदाच ऐकतोय असा हसला. मदीहा अधांतरी पाय हलवत आजोबांना म्हणाली, "दादा, ही खुर्ची खूप उंच आहे."

"मग तू वाढ," शेठ म्हणाले.

गोष्ट संपली. शेठची नजर फिरत फिरत काकांच्या ताटावर आली. ताटातला पुलाव संपला होता. शकिलानं बघितलं, आणि तिचा हात डावाकडे जाऊ लागला. तो अर्ध्यातच थांबला.

शेठनी दोन्ही तळवे टेबलाच्या कडेवर टेकले. जरा पुढे झुकले. सगळ्यांच्या माना ताटात. आणि शेठ उभे राहिले. एकटे. मदीहाला राहवलं नाही, तिनं "जोर—" एवढं म्हटलं आणि अफजलनं तिच्या तोंडावर हात ठेवला.

टेबलाच्या कडेला एक हात ठेवून शेठ दोन पावलं चालले, पुलावाचं भांडं जवळ ओढलं, डाव भरला. मोठ्यातली मोठी कोळंबी शोधून त्यांनी ती डावात वर घेतली.

"मिस्त्री," ते म्हणाले, "ताट पुढे कर."

काकांचं पोट कधीच भरलं होतं. त्यांनी ताट दोन्ही हातांनी पुढे केलं.